हवाई बेटांवरचं निसर्गचित्रण आणि त्याचं शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाईचा निसर्गचित्रकार नेमकं काय काम करतो?

बेटांवरचे पक्षी, झाडं, कासवं, मासे आणि लाव्हा प्रत्यक्ष बघून रंगवतो आणि बहुतेक वेळा शिकवतोही. पण रंगाला हात लावण्याआधी त्याला एक प्रश्न सोडवावा लागतो: समोर दिसणारा जीव इथला आहे का? हवाई बेटं उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 3,800 किलोमीटर दूर आहेत. वाऱ्याने, पाण्याने किंवा पंखांनी जे थोडे जीव पोचले, त्यांच्यापासून इथे जगात इतरत्र कुठेही नसलेल्या जाती तयार झाल्या. नंतर माणसाने इतकं काही आणलं, की होनोलुलूच्या बागेत तासभर बसून काढलेल्या चित्रात मूळचा हवाईचा एकही जीव नसण्याची शक्यता मोठी असते.

चाफा अमेरिकेच्या उष्ण भागातला आहे. लाल तुऱ्याचा कार्डिनल दक्षिण अमेरिकेतून आला. साळुंकी 1865 मध्ये भारतातून आणली, पिकांवरच्या अळ्या खाव्यात म्हणून. मुंगूस 1883 मध्ये उसाच्या मळ्यांतल्या उंदरांसाठी जमैकाहून आणलं आणि जमैकात ते कोलकात्याहून गेलं होतं. ही सगळी रंगवायला हरकत नाही. मात्र चित्राखाली ‘हवाईचा निसर्ग’ असं लिहायचं असेल तर हा फरक माहीत हवा. राज्यफूल म्हणून 1988 पासून मान्य असलेली जास्वंद पिवळी आहे, माओ हाऊ हेले. भेटकार्डांवरची मोठी लाल जास्वंद बहुधा बागेतली संकरित जात असते.

मग अळू, हळद, ऊस यांचं काय? ते तर तिथे सगळीकडे दिसतात.

तो तिसरा गट. पॉलिनेशियन दर्यावर्दी आपल्या होड्यांतून जी झाडं घेऊन आले त्यांत अळू, हळद, ऊस, केळी, नारळ, नीरफणस, बारतोंडी आणि रानअक्रोड होते. तिथे अळूला कालो, हळदीला ओलेना, बारतोंडीला नोनी, रानअक्रोडाला कुकुई म्हणतात. हवाईची संस्कृती या झाडांवर उभी आहे, त्यामुळे चित्रात त्यांना मानाची जागा असते. कोकणात वाढलेल्या माणसाला इथे एक फायदा मिळतो. अळूच्या पानाची शीर कशी फुटते, देठ पानाला कुठे जोडलेला असतो, पाण्याचा थेंब पानावर कसा घरंगळतो हे त्याला आधीच ठाऊक असतं. किनाऱ्यावरचा हाला हा आपल्या केवड्याचा भाऊबंद आणि मिलो म्हणजे आपला परसपिंपळ.

या परंपरेची सुरुवात कुणी केली?

हवाईच्या लोकांनीच. कापा नावाचं सालीचं कापड बांबूच्या कोरीव पट्ट्यांनी छापलं जाई, हळदीचा पिवळा आणि नोनीच्या मुळांच्या सालीत चुना मिसळून केलेला लाल रंग वापरला जाई. पक्ष्यांच्या पिसांचे झगे हे तर पक्षी अगदी जवळून ओळखणाऱ्यांचं काम.

कागदावरची चित्रं ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीपासून मिळतात. जहाजं जानेवारी 1778 मध्ये कौआई बेटावर पोचली. त्या सफरीतला वैद्यकीय मदतनीस विल्यम एलिस याने पक्षी चितारले. 1880 च्या दशकात ज्यूल टॅव्हर्निए आणि त्यानंतर हिलोचा हॉवर्ड हिचकॉक यांनी किलाउएआ ज्वालामुखीची रात्रीची दृश्यं रंगवली. त्या मंडळींना ‘व्होल्कॅनो स्कूल’ म्हणतात.

वनस्पतींमध्ये सर्वांत महत्त्वाचं नाव इझाबेला सिंक्लेअर यांचं. जन्म स्कॉटलंडचा, तिथून न्यूझीलंड आणि मग हवाई. सिंक्लेअर कुटुंबाने 1864 मध्ये नीहाऊ बेट 10,000 डॉलरना विकत घेतलं होतं. इझाबेला यांनी नीहाऊ आणि कौआईवरची फुलं रंगवली, शास्त्रीय नावांसाठी नमुने लंडनच्या क्यू उद्यानात जोसेफ हूकर यांच्याकडे पाठवले, आणि 1885 मध्ये 44 रंगीत चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हवाईच्या फुलझाडांची रंगीत चित्रं असलेलं ते पहिलं पुस्तक. प्रत्येक झाडाचं स्थानिक नाव त्यांनी नोंदवलं, आणि गुरं व आग यांच्यामुळे मूळची झाडी मागे हटते आहे हेही तेव्हाच लिहून ठेवलं. चित्रकाराची नोंद किती दूरवर उपयोगी पडते याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यावरून चित्र काढलं तर चालतं का?

आकार आणि मापं यांसाठी चालतं, रंगांसाठी सांभाळून. होनोलुलूचं बिशप संग्रहालय 1889 मध्ये स्थापन झालं आणि तिथल्या नमुन्यांवरून पंखांची लांबी, पिसांची मांडणी अचूक कळते. पण मेलेल्या पक्ष्याच्या चोचीचा, पायांचा आणि डोळ्याचा रंग उडतो. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये बसून हवाईचे पक्षी रंगवणाऱ्या क्यूलेमान्ससारख्या निष्णात चित्रकारालाही याच अडचणीतून वाट काढावी लागली. काही पक्ष्यांच्या बाबतीत मात्र दुसरा मार्गच उरलेला नाही. कौआईचा ओओ 1987 मध्ये शेवटचा ऐकू आला आणि 2023 मध्ये अमेरिकेने तो अधिकृतपणे नामशेष ठरवला. त्याचं चित्र आता फक्त नमुने, छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रण यांवरूनच होऊ शकतं.

पक्षी बघायला इतक्या उंचावर का जावं लागतं?

डासांमुळे. हवाईत डास नव्हते. 1826 मध्ये एका जहाजाच्या पाण्यातून ते माउई बेटावर उतरले. पुढे पक्ष्यांचा हिवताप त्यांच्यामार्फत पसरला. इथल्या मधुपायी पक्ष्यांना त्याची प्रतिकारशक्ती नव्हती. थंडीत डास आणि परजीवी दोन्ही वाढत नाहीत, म्हणून साधारण 1,500 मीटरच्या वरची जंगलं या पक्ष्यांचा आसरा ठरली. हवामान तापतंय तसतसे डास वर सरकतायत. कौआईचे डोंगर पुरेसे उंच नाहीत, त्यामुळे तिथली हानी सर्वांत जास्त आहे.

चित्रकारासाठी सोयीची जागा म्हणजे माउईवरच्या हालेआकाला राष्ट्रीय उद्यानातलं हॉस्मर ग्रोव्ह, उंची सुमारे 2,070 मीटर. उजाडल्यानंतरचे पहिले दोन तास धरा. सूर्योदयासाठी पहाटे 3 ते 7 या वेळेत गाडीने उद्यानात शिरायचं असेल तर आधी आरक्षण लागतं. हवाई नावाच्याच सर्वांत मोठ्या बेटावर किपुकापुआउलू इथे अपापाने हा लाल मधुपायी पक्षी सहज दिसतो. समुद्रपक्ष्यांसाठी कौआईचं किलाउएआ पॉइंट, तिथेही आरक्षण करावं लागतं. लेसन अल्बट्रॉस तिथे साधारण नोव्हेंबर ते जुलै असतात.

इइवी आणि अपापाने यांचे लाल रंग वेगळे कसे दाखवायचे?

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते: दोन्ही पक्षी एकाच लाल नळीतून रंगवले जातात.

इइवीचा लाल केशरीकडे झुकतो, शेंदरी. चोच लांब, खाली वाकलेली, नारिंगी-गुलाबी. पंख आणि शेपटी काळी. अपापानेचा लाल गडद, किरमिजीकडे जाणारा. चोच काळसर आणि किंचितच वाकडी. पोटाचा मागचा भाग आणि शेपटीखाली पांढरा, आणि शेपटी बरेचदा वर उचललेली. हा पांढरा भाग कागदाचाच सोडा, नंतर पांढऱ्या रंगाने भरू नका.

जलरंगात इइवीसाठी पायरोल स्कार्लेट (नळीवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पी.आर. 255) घेऊन त्यात उबदार पिवळ्याचा थेंब द्या. क्रम असा ठेवा: आधी संपूर्ण अंगावर पातळ पिवळा-नारिंगी हात, तो पूर्ण वाळू द्या, मग शेंदरी, मग छातीखालच्या सावलीत थोडा क्विनाक्रिडोन लाल. सावलीसाठी काळा मिसळला की पक्षी विटकरी आणि मेलेला दिसतो. अपापानेसाठी क्विनाक्रिडोन (पी.व्ही. 19) मुख्य ठेवा आणि उन्हाच्या बाजूला पायरोल लाल. जुना अस्सल अलिझारिन (पी.आर. 83) टाळा, तो उजेडात फिका पडतो. भडक ‘ऑपेरा’ गुलाबीचंही तेच.

फोनवर काढलेल्या फोटोवरून रंग जुळवू नका. इतका तीव्र लाल कॅमेऱ्यात ‘जळतो’ आणि पिसांचे सगळे बारकावे एका सपाट डागात जातात. फोटो घ्यायचाच असेल तर प्रकाशमान एक पायरी खाली आणा आणि जागेवरच वहीच्या कडेला रंगाचा ठिपका करून ठेवा. अंगावर पिवळट-हिरवी झाक आणि काळे ठिपके असलेला, पण वाकड्या चोचीचा पक्षी दिसला तर ती वेगळी जात नाही, इइवीचं पिल्लू आहे.

ओहिया लेहुआचं फूल पिसाऱ्यासारखं न दिसता फूल कसं दिसेल?

लेहुआत डोळ्यात भरतात ते पाकळ्या नव्हे, पुंकेसर. ओहिया जांभळाच्या कुळातलं झाड आहे. जांभळाचा मोहर जवळून पाहिला असेल तर रचना लगेच कळेल: पेल्यासारखा तळ, त्याच्या कडेवरून निघालेले अनेक पुंकेसर, मधे एक लांब स्त्रीकेसर. लेहुआचा एक गोंडा म्हणजे अशा अनेक फुलांचा घोस.

आधी पेन्सिलने प्रत्येक पेल्याचं केंद्र ठिपक्याने दाखवा. पुंकेसर नेहमी त्या केंद्रातून बाहेर खेचा. गोंड्याच्या एकाच मध्यातून सगळे काढले की फटाका दिसतो. उजेडातले पुंकेसर आधी मास्किंग फ्लुइडने, म्हणजे कागदाला रंग लागू न देणाऱ्या रबरासारख्या द्रवाने, झाका. कुंचला साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर केस कायमचे चिकटतील. मग मागची पानं आणि सावली रंगवा, पूर्ण वाळल्यावर फ्लुइड काढा, लाल भरा, शेवटी टोकांवर परागाचे पिवळे ठिपके. फ्लुइड त्याच दिवशी काढायचं. उन्हात राहिलं तर ते कडक होतं आणि दमट कागदावरून ओढलं तर कागदाचा वरचा थर सोलून येतो. हिलोला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे ‘वाळलाय’ असं वाटलेला कागद आतून ओला असतो. हाताची मागची बाजू लावून बघा, गार लागला तर थांबा.

ओहियाच्या जंगलात जाताना बूट का पुसायला सांगतात?

ओहियाला झपाट्याने मारणारा एक रोग 2014 मध्ये ओळखला गेला. सेराटोसिस्टिस या बुरशीच्या दोन जाती तो पसरवतात आणि झाडाच्या जखमेतून आत शिरतात. बुरशी चिखलातून बुटांबरोबर प्रवास करते. म्हणून जाण्याआधी आणि आल्यावर बुटांचे तळ, ट्रायपॉडचे पाय आणि बसायच्या घडीच्या स्टुलाचे पाय ब्रशने खरवडून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. चिखल न काढता नुसतं फवारलं तर उपयोग नाही. चित्रासाठी फांदी तोडू नका, सालीवर नखही लावू नका, झाडाला पिशवी अडकवू नका. चित्रकार मंडळी स्टूल आणि ट्रायपॉड विसरतात, चिखल तर त्यांनाच जास्त लागलेला असतो.

नेने आणि होनू रंगवताना काय तपासावं?

नेने हा हवाईचा राज्यपक्षी. विसाव्या शतकाच्या मध्यावर जंगलात जेमतेम तीसेक उरले होते. बंदिवासातल्या पैदाशीमुळे आता तीन हजारांच्या वर आहेत. इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजला ही पैदास सुरू करणारे पीटर स्कॉट स्वतः पक्षिचित्रकार होते, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. चित्रात दोन जागा तपासा. पाय: नेने लाव्हावर चालणारा हंसपक्षी, बोटांमधला पडदा कमी झालेला आहे. बदकासारखा पूर्ण पडदा काढला तर चित्र चुकलं. मान: तिथल्या गडद रेघा पट्टे नाहीत, पिसांच्या खोल वळ्या आहेत. त्या मानेच्या गोलाईबरोबर वळल्या पाहिजेत आणि प्रकाशाच्या बाजूला पुसट झाल्या पाहिजेत.

होनू म्हणजे हिरवं समुद्री कासव. पाठीवर मधल्या रांगेत पाच ढाली आणि दोन्ही बाजूंना चार-चार. डोळ्यांच्या मधे लांबट खवल्यांची एकच जोडी. दोन जोड्या दिसल्या, चोच पोपटासारखी टोकदार आणि ढाली कौलांसारख्या एकमेकींवर आलेल्या असतील तर तुमच्यासमोर हॉक्सबिल आहे, जे कितीतरी दुर्मिळ. विद्यार्थी पाठीच्या ढाली मधमाशीच्या पोळ्यासारख्या मनाला येतील तशा भरतात. आधी मधल्या पाच मोजून मांडा, बाकीच्या आपोआप बसतात.

किती अंतरावरून चित्र काढायचं?

कासवापासून किमान 3 मीटर, मंक सीलपासून 15 मीटर, पिल्लू असलेल्या मादीपासून 45 मीटर. स्पिनर डॉल्फिनपासून 50 यार्ड आणि हंपबॅक देवमाशापासून 100 यार्ड हा कायदा आहे. सगळ्या जगात मंक सील साधारण 1,600 उरलेत. वाळूवर पडलेलं सील सहसा आजारी नसतं, झोपलेलं असतं आणि त्याने डोकं उचलून तुमच्याकडे पाहिलं की तुम्ही जास्त जवळ आला आहात.

एवढ्या अंतरासाठी 8×42 दुर्बीण पुरते. तासभर एकाच जागी बसायचं असेल तर ट्रायपॉडवर 20-60 पटींचा स्पॉटिंग स्कोप घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. राष्ट्रीय उद्यानांत ड्रोनला बंदी आहे. हालेआकालावर चांदीसारख्या पानांच्या आहिनाहिनाजवळ वाटेवरूनच चित्र काढा. त्याची मुळं उथळ असतात, जवळच्या पावलानेही तुटतात आणि हे झाड आयुष्यात एकदाच फुलून मरतं.

पावसात जलरंग चालतात का?

संततधारेत नाही. कौआईच्या अलाकाई दलदलीत फळ्यांच्या वाटेवर उभं राहून काम करताना कृत्रिम जलरोधक कागद आणि 2बी पेन्सिल एवढंच न्या, रंगांची नावं अक्षरांत लिहा, आणि रंग मुक्कामाला द्या. ढगाळ पण कोरड्या वेळेत 300 ग्रॅमचा कोल्ड-प्रेस कागद चारही कडांना चिकटपट्टीने बांधून वापरा. दमट हवेत पहिला हात वाळायला खूप वेळ लागतो आणि त्यावर पाणीदार दुसरा हात पडला की फुलकोबीसारखे डाग उठतात. दुसऱ्या हातात पाणी कमी आणि रंग जास्त ठेवा.

उंचावर नेमकं उलटं. मौना केआवर हवा इतकी कोरडी, की आकाशाचा हात अर्ध्यावर वाळतो आणि रेघ राहते. कागद आधी दोन्ही बाजूंनी भिजवा. रंगपाटी बंद करण्याआधी कोरडी करा, नाहीतर गोंदावर बुरशी येते.

लाव्हासाठी नळीतला काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचं मिश्रण घ्या. गुळगुळीत, दोरासारखा वळलेला पाहोएहोए असेल तर निळसर बाजू वाढवा, त्याला चकाकी असते. खडबडीत आआसाठी तपकिरी बाजू आणि कोरडा कुंचला.

पाण्याखालचे मासे कसे टिपायचे?

पांढरी प्लास्टिकची पाटी बारीक पॉलिशपेपरने घासून खरखरीत करा आणि लाकडाशिवायच्या ग्रॅफाइट कांडीने काढा. लाकडी पेन्सिलचा डिंक पाण्यात सुटतो, यांत्रिक पेन्सिलीची स्प्रिंग गंजते. कांडी पाटीला दोरीने बांधा. माशाची बाह्यरेषा, डोळ्याची जागा, तोंडाचा कोन, पाठीवरचा पर कुठे सुरू होतो आणि शेपटीचा काप, या पाच गोष्टी आधी. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी नाहीसा होतो, त्यामुळे पाच-सात मीटरवर लाल मासा तपकिरी दिसतो. रंग उथळ पाण्यात किंवा मत्स्यालयात पडताळून घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन हवाईत 1 जानेवारी 2021 पासून विकता येत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालणं सगळ्यांत सोपं.

माशाचा ठसा, म्हणजे ग्योताकू, वर्गात करता येतो का?

येतो, आणि मुलांना मासा कळण्यासाठी याच्याइतकी चांगली रीत नाही. ही कला जपानी आहे आणि हवाईत चांगली रुजली आहे. 25 ते 30 सेंटिमीटरचा ताजा मासा घ्या, महाराष्ट्रात बांगडा उत्तम. मीठ चोळून चिकट थर पूर्ण काढा, धुऊन टिपून कोरडा करा. कल्ल्यात आणि गुदद्वारात टिश्यूचे बोळे घाला, तिथून पाणी पाझरून ठसा बिघडतो. पर टाचण्यांनी थर्मोकोलवर पसरवा. शाई डोक्याकडून शेपटीकडे पातळ लावा, मग एकदा उलट हात फिरवा म्हणजे खवल्यांच्या कडा उठतात. डोळा मोकळा सोडा. पातळ जपानी कागद ठेवून बोटांनी मधून बाहेर दाबा, एकदा टेकलेला कागद सरकवू नका. डोळा नंतर कुंचल्याने काढा. ठसा काळा गोळा आला तर शाई जास्त होती. त्याच माशावर न धुता दुसरा कागद ठेवा, बहुधा तोच चांगला निघतो.

तीन तासांचा वर्ग कसा आखतात?

बारापेक्षा जास्त जण नकोत. पहिली वीस मिनिटं कागदाकडे न बघता बाह्यरेषा. मग अर्धा तास मापं: चोच डोक्याच्या किती पट, पाय कुठून निघतो. रंग त्यानंतर. अ‍ॅक्रिलिक शिकवताना पार्श्वभूमी आधी पूर्ण करून घ्यावी. पक्षी आधी रंगवला की त्याच्याभोवती आकाश भरताना प्रत्येकाच्या कडा फाटतात. 20×25 सेंटिमीटरचा कॅनव्हास तीन तासांत होतो, त्याहून मोठा होत नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या चित्रावर स्वतःचा कुंचला चालवू नये, शेजारी वेगळ्या कागदावर दाखवावं.

जाण्याआधी महाराष्ट्रात सराव कशावर करावा?

सोनचिखल्यावर. हा पक्षी हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरही येतो आणि हवाईतही, तिथे त्याला कोलेआ म्हणतात. अलास्काहून हवाईपर्यंतचं सुमारे 4,800 किलोमीटरचं अंतर तो न थांबता तीन-चार दिवसांत कापतो. धावणं, थबकणं, टिपणं ही त्याची लय हाताला बसली की हवाईच्या हिरवळीवर ऑगस्ट ते एप्रिल कधीही तो ओळखीचा निघेल. एप्रिलच्या सुमाराला त्याचा काळा-सोनेरी विणीचा पेहरावही बघायला मिळतो.

परत येताना काय आणू नये?

समुद्रकिनाऱ्याची वाळू आणि राष्ट्रीय उद्यानातला लाव्हाचा तुकडा, दोन्ही बेकायदा. मूळच्या पक्ष्यांची गळलेली पिसंही बाळगता येत नाहीत, ती जागेवरच मोजून, रंगवून तिथेच ठेवा. बिया आणि फांद्या नकोत. विमानतळावर सामानाची शेतीविषयक तपासणी होते. चित्रं दोन कडक पुठ्ठ्यांमधे सपाट ठेवा, मधे ग्लासिन कागद आणि सिलिका जेलची पुडी घाला. गुंडाळी केली तर जाड जलरंगाचा थर तडकतो.